पोस्टातलं क्विनीन ते आशाताईंची पेटी : डॉक्टर नसलेल्या हातांतल्या औषधाचा इतिहास

(खांडबारा, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर आशाताई बसल्या आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, शाळेचे गुरुजी आहेत, मागच्या रांगेत कॉलेजची मुलं आहेत. आजचा विषय तुम्हा सर्वांच्या रोजच्या कामातला आहे, पण त्याचा इतिहास सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही तो निवडला.

प्रश्न साधा आहे. पावसाळ्याची रात्र आहे. पाड्यावर आठ दिवसांचं बाळ आहे. काल चांगलं पीत होतं, आज दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, रडणं क्षीण झालंय. या आजारावरचं औषध जगाला कित्येक दशकं माहीत आहे आणि ते स्वस्तही आहे. पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि डॉक्टर पाड्यावर नाही. खांडबाऱ्यात रेल्वे स्टेशन आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, त्यामानाने इथली माणसं नशीबवान. तापीच्या पलीकडे अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरात आजही माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. अशा वेळी ते औषध द्यायचं कुणी? शिकवून तयार केलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या माणसानं दिलं तर चालेल का?

पुष्कळांना हा प्रश्न आजचा वाटतो. परदेशातही तो आज चर्चेत आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून शाळांना दम्याचा पंप, आणि २०१७ पासून तीव्र ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवता येतं. अमेरिकेत शिकागोच्या एका संस्थेनं १९९६ च्या सुमारास अफूजन्य नशेचा अतिरेक झालेल्यांचा जीव वाचवणारं नॅलोक्सोन नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली. ही उदाहरणं महत्त्वाची आहेतच. पण हा प्रश्न आपल्या देशात त्याच्या फार आधी विचारला गेला, आणि त्याचं सगळ्यात धाडसी उत्तर महाराष्ट्रातल्या एका आदिवासी जिल्ह्यातून आलं. तिथपर्यंत जाण्याआधी आपण थोडं मागं जाऊ.

पोस्टमास्तर औषध देतात

हिवताप या भागाला नवा नाही. जुन्या खानदेशाचा हा पश्चिमेकडचा, जंगलाचा पट्टा तापासाठी बदनामच होता. बदली होऊन आलेले सरकारी नोकर इथून लवकर सुटका कशी होईल ते बघत. ताप सर्व हिंदुस्थानभर होता आणि त्यावर औषध एकच होतं, सिंकोना झाडाच्या सालीतून निघणारं क्विनीन. सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाची लागवड केली, क्विनीन तयार होऊ लागलं. पण ते गावात पोहोचवायचं कसं? डॉक्टर तर शहरात.

बंगालमध्ये १८९२ साली यावर एक युक्ती निघाली. क्विनीनच्या पुड्या बांधायच्या आणि पोस्टात विकायला ठेवायच्या. किंमत एक पैसा. पोस्टमास्तर नाडी बघत नसे, जीभ बघत नसे. माणूस म्हणाला, थंडी वाजून ताप आलाय, की पैसा घ्यायचा, पुडी द्यायची. पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली.

या गोष्टीकडे नीट बघा. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात औषध देण्याची कल्पना कुठल्या चळवळीतून आलेली नाही. ज्या सरकारनं पुढे डॉक्टरांची नोंदणी, परवाने, नियम आणले, त्याच सरकारनं ताप आवरेना तेव्हा टपालखात्याला औषधविक्रेता केलं. गरज पुरेशी मोठी झाली की दार उघडतं. मात्र पुडीच्या पुढे काही नव्हतं. कुणाला किती दिली, बरा झाला की नाही, लहान मुलाला किती द्यायची, हे विचारणारं कुणी नव्हतं. पोहोचवण्याची सोय झाली, जबाबदारीची झाली नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

१९७७ : एकाच वर्षात दोन निर्णय

स्वातंत्र्यानंतर हिवताप निर्मूलनाची मोठी मोहीम झाली. रोग जवळजवळ संपला असं वाटलं आणि तो परत उलटला. तेव्हा एप्रिल १९७७ पासून सरकारने सुधारित योजना आणली. तिच्यात गावोगाव दोन प्रकारची केंद्रं होती. एक औषध वितरण केंद्र, जिथं क्लोरोक्विनच्या गोळ्या मिळत. दुसरं ताप उपचार केंद्र, जिथं गोळ्या देण्याआधी काचपट्टीवर रक्ताचा थेंबही घेत. ही केंद्रं चालवणार कोण? शाळेचे गुरुजी, पंचायतीचे सदस्य, गावातली जाणती माणसं. म्हणजे पोस्टमास्तरांच्या जागी गुरुजी आले. पण या वेळी रक्ताची काचपट्टी आली. दिलेल्या गोळीमागे काहीतरी पुरावा, काहीतरी नोंद राहू लागली.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला, केंद्राची समाज आरोग्यसेवक योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचं शिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं. कागदावर योजना सुंदर होती. पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले, तेही गावातल्या वजनदार घरांतले. बाळंतिणीच्या खोलीत ते जाणार कसे? औषधांची पेटी वेळेवर भरली जात नसे. पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं. योजनेचं नाव दोनदा बदललं, शेवटी 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झालं, पण पेटी रिकामीच राहिली.

याच काळात नगर जिल्ह्यात जामखेडला वेगळं काही घडत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाईंना खेड्यात ठेवायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायका त्यांनी तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, चुका सांगत, पुन्हा गावी जात. जामखेडनं दाखवलं की निरक्षर बाई आरोग्याचं काम शिकू शकते. मात्र तिच्या हातात प्रतिजैविकं द्यावीत का, इंजेक्शन द्यावं का, हे अजून कुणी मोजून सिद्ध केलं नव्हतं.

गडचिरोली : मणी, वाळू आणि गोळी

ते काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथं आले. गडचिरोली जिल्हा तेव्हा अवघा चार वर्षांचा, जसा आपला नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला, तसाच. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं आधी मुलं कशानं मरतात ते मोजलं. पाच वर्षांखालच्या मुलांचा मोठा शत्रू न्यूमोनिया निघाला. त्यावरची गोळी साधी होती, को-ट्रायमॉक्झॅझोल. डॉक्टरच्या चिठ्ठीची, पण स्वस्त आणि तोंडानं द्यायची.

अडचण ओळखण्याची होती. साधा खोकला की न्यूमोनिया? मूल मिनिटाला किती वेळा श्वास घेतं यावरून ते कळतं. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका समजायचा. पण गावातल्या सुईणींना घड्याळ वाचता येत नव्हतं आणि पन्नास-साठ मोजताना गोंधळ होई. मग एक साधन तयार झालं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि जोडीला पाटीवरच्यासारखे सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया. गोळी सुरू करायची.

हे ऐकायला खेळण्यासारखं वाटतं. पण पोस्टातल्या पुडीत जे नव्हतं ते इथं आहे. औषध कधी द्यायचं आणि कधी नाही द्यायचं, हे ठरवणारं माप औषधासोबत हातात दिलेलं आहे.

हा प्रयोग ५८ गावांत झाला, तुलनेसाठी ४४ गावं वेगळी ठेवली होती. निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. निमवैद्यक कार्यकर्ते, गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांनी मिळून न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार केले. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ०.८. तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होतं. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. निरक्षर सुईण योग्य वेळी योग्य गोळी देऊ शकते का, हा वाद निदान आकड्यांपुरता तिथं मिटला.

गोळीनंतर सुई

तरीही नवजात बाळं मरतच होती. बाळ जन्मलं की बाळंतीण घराबाहेर पडत नाही, बाळाला बाहेर नेत नाहीत. ही रीत आपल्याकडेही आहे. १९९५-९६ साली सर्चनं ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर पाहणी केली. निम्म्याहून जास्त, शेकडा ५४ बाळांना कसल्या ना कसल्या उपचाराची गरज होती. उपचार मिळाले शेकडा २.६ बाळांना. दवाखाना होता, पण बाळ तिथं पोहोचत नव्हतं.

सगळ्यात मोठा मारेकरी जंतुसंसर्ग, म्हणजे बाळाच्या रक्तात पसरणारी लागण. तिच्यावर तोंडानं दिलेली गोळी पुरत नाही. जेंटामायसिनचं इंजेक्शन लागतं. आणि इथं खरी कसोटी आली. गोळी देणं वेगळं, नवजात बाळाच्या मांडीत सुई टोचणं वेगळं. जेंटामायसिन जास्त झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतं, हे वैद्यकाचं पुस्तक सांगतं.

सर्चनं गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटलं. गरोदर बायकांची नोंद ठेवणं, बाळंतपणाला हजर राहणं, बाळाचं वजन करणं, अंग गरम ठेवणं, पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी भेट देणं, हे सगळं आधी. इंजेक्शन सगळ्यात शेवटी. आणि इंजेक्शनच्या आधी एक पायरी सक्तीची होती. बाळाला रुग्णालयात न्या, असं आरोग्यदूतानं आईबापांना सांगायचं. त्यांनी नकार दिला तर लेखी संमती घ्यायची, मगच घरी उपचार. हातात संशोधकांनी ठरवून दिलेल्या खुणांची यादी होती. पुढच्या अभ्यासात ती सात खुणांवर आली : रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं, अंग ढिलं पडणं, अंग गार लागणं, उलटी किंवा पोट फुगणं, छाती आत ओढली जाणं, बेंबीला पू. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर जंतुसंसर्ग समजायचा.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत आरोग्यदूत, ४७ गावं तुलनेला. सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २५.५ वर आलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये आधी शंभरात १६.६ दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८. हे आकडे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा तपासले. इतका फरक पाचवी-सातवी शिकलेल्या बाईच्या हातून पडतो, यावर आमचाही चटकन विश्वास बसला नव्हता, हे कबूल करायला हवं.

भीती खोटी नव्हती

आता दुसरी बाजू. डॉक्टरांचे आक्षेप सगळेच काही धंद्याच्या भीतीतून आले नव्हते. आपल्या बाजारात बोगस डॉक्टर कमी नाहीत. ताप आला, सुई. अंग दुखलं, सुई. सलाईन लावलं की ताकद येते, ही समजूत गावोगाव आहे. अशा ठिकाणी आणखी काही हातांत सिरिंज द्यायची म्हणजे आगीत तेल नाही का? हा प्रश्न रास्त होता.

उत्तर गडचिरोलीच्या पद्धतीतच सापडतं. बोगस डॉक्टर येईल त्याला टोचतो, नोंद ठेवत नाही, आणि रोगी दगावला तर पुढच्या बाजाराला दुसरीकडे बसतो. आरोग्यदूत त्याच गावात राहते. खुणा जुळल्या नाहीत तर तिनं टोचायचं नाही. तिनं दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची नोंद कुणीतरी येऊन तपासतं. तिची चूक झाली तर सांगायला, शिकवायला आणि तिची बाजू घ्यायला मागे एक संस्था आहे.

सगळीच औषधं पाड्यावर न्यायची, असंही आमचं म्हणणं नाही. इथं सापाचं विष ही नेहमीची आपत्ती आहे. पण सापावरची लस, अँटीव्हेनम, ही पाड्यावर देण्याची गोष्ट नव्हे. त्या लसीचीच तीव्र ॲलर्जी येऊन माणूस दगावू शकतो, तेव्हा ॲड्रेनलिन हाताशी लागतं, रोग्यावर तासन् तास लक्ष ठेवावं लागतं. तिथं पाड्याला औषध नको, गाडी हवी. मांत्रिकाकडे जाणारा तास वाचवणारा शहाणा माणूस हवा. म्हणजे प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. चुकून दिलं तर काय बिघडेल आणि न दिलं तर काय बिघडेल, हे दोन्ही तराजूत घालायचं. नवजात बाळाच्या बाबतीत तराजू सरळ एका बाजूला झुकत होता.

कायद्यातली छोटी खिडकी

कुणी विचारेल, हे कायद्यात बसतं का? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याखालचे नियम १९४५ चे. परवान्याशिवाय औषध विकता, वाटता येत नाही. पण या नियमांना 'के' नावाची एक अनुसूची आहे, सवलतींची. तिच्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राचे बहुउद्देशीय कर्मचारी, समाज आरोग्यसेवक, नर्स, अंगणवाडीसेविका यांचा उल्लेख आहे. सरकारी आरोग्य किंवा कुटुंबकल्याण कार्यक्रमाखाली त्या औषध देत असतील तर त्यांना विक्रीपरवाना लागत नाही. त्याच अनुसूचीत क्विनीन आणि हिवतापाच्या इतर औषधांसाठीही सवलत आहे, राज्य सरकारच्या व्यवस्थेतून ती विकली जात असतील तर. तो एक पैशाच्या पुडीचा वारसा आहे, असं आम्हाला वाटतं.

खिडकीची चौकट मात्र नीट पाहा. सवलत कार्यक्रमाला आहे. त्या ताईंना मनाप्रमाणे औषध द्यायची मोकळीक नाही. कार्यक्रमानं यादीत घातलेलं औषध, कार्यक्रमानं शिकवलेल्या पद्धतीनं. म्हणून खरा झगडा कायदा बदलण्याचा नव्हता, यादीत काय घालायचं याचा होता.

यादी कशी वाढली, कुठं थांबली

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि 'आशा' आली. २०११ मध्ये गडचिरोलीच्या धर्तीवर नवजात बाळाची घरच्या घरी काळजी हे आशाचं काम ठरलं. भेटी आल्या, वजनकाटा आला, थर्मामीटर आला, खुणांची यादी आली. सुई आली नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका औषधाची गोष्ट घडली. आपल्या सीमेलगत बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर अभ्यास झाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी उपकेंद्राच्या नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आलं. ते औषधही चिठ्ठीचंच. २०१३ साली केंद्रानं, घरी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायकांपर्यंत या गोळ्या आधीच पोहोचवण्याच्या सूचना काढल्या.

आणि २०१४ मध्ये जेंटामायसिनचा निर्णय आला. बाळाला रुग्णालयात नेणं शक्य नसेल किंवा घरचे नकार देत असतील, तर उपकेंद्राच्या नर्सबाईंनी ते इंजेक्शन द्यावं. 'लॅन्सेट'मधल्या त्या अहवालानंतर पंधरा वर्षांनी. तरीही सुई गावातल्या आशापर्यंत न येता एक पायरी वर, नर्सबाईंपाशी थांबली. २०१९ च्या 'सांस' मोहिमेनं न्यूमोनियाच्या मुलाला रुग्णालयात पाठवण्याआधी ॲमॉक्सिसिलिनचा पहिला डोस आशानं द्यावा, असं ठरवलं. १९९० च्या त्या मणी-वाळूच्या गोळीला सरकारी शिक्का मिळायला जवळपास तीस वर्षं लागली.

इथं याचा अर्थ काय

सव्वाशे वर्षांहून लांब ही गोष्ट. तिच्यातून आम्हाला एक दिसतं. माणूस अडाणी आहे म्हणून औषध अडलं, असं फार थोड्या वेळा झालं. पोस्टमास्तर, गुरुजी, सुईण, आरोग्यदूत, प्रत्येकानं आपलं काम शिकून घेतलं. औषध वाया गेलं ते मागे कुणी उभं नव्हतं तिथं. १९७७ चा आरोग्यसेवक आणि १९९५ ची आरोग्यदूत यांच्यात फरक बुद्धीचा नव्हता. एकाची पेटी कुणी भरली नाही, दुसरीची पेटी आणि वही दोन्ही कुणीतरी तपासत होतं.

म्हणून खांडबाऱ्याच्या, नवापूरच्या, धडगावच्या ग्रामसभेत विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. आशाताईंच्या पेटीत ॲमॉक्सिसिलिन आहे का, आणि त्यावरची तारीख उलटलेली नाही ना? उपकेंद्राच्या नर्सबाई रात्री मुक्कामी असतात का? त्यांच्याकडे जेंटामायसिन आहे का, आणि ते द्यायला त्यांना शिकवलं आहे का? दिलं आणि काही बिघडलं, तर त्यांच्या बाजूनं कोण बोलणार? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण त्याचं उत्तर नसेल तर समजदार बाई पेटी उघडतच नाही, आणि तिला दोष देता येत नाही.

आशाताई, तुम्ही ज्या पेटीचं ओझं वाहता, तिच्यामागे इतक्या माणसांची खटपट आहे. ती रिकामी असेल तर गप्प बसू नका, एवढंच आमचं सांगणं. आता तुमचं ऐकायचं आहे, आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.